नेवगींचं हळदीचं गाणं

आत्माराम नेवगी २००१ साली औषधाच्या कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले, तेव्हा भाईंदर पूर्वेच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना वाटलं, आता हे सेक्रेटरी होणार. ते गीतकार झाले. आम्हाला त्रास साधारण तेवढाच झाला.

सत्तावीस वर्षं ते टायपिस्ट होते. त्यामुळे त्यांची गाणीही डावीकडे समास सोडून, खाली तारीख घालून, दोन प्रतींत निघत. एक प्रत फाइलला लागे. दुसरी आम्हा शेजाऱ्यांपैकी कुणाच्या तरी हातात पडे. मग त्यांनी जुनी पेटी आणली आणि चालीही बांधायला लागले. चाल झाली की पहिल्यांदा मृणालिनीवहिनींना ऐकवायची. वहिनी पोस्टात नोकरीला, बोलणं मोजकं आणि कान फार तिखट. दोन ओळी ऐकल्या की त्या शांतपणे सांगत, ही रेडिओवर लागते, ही आपल्या लग्नात बँडवाल्यांनी वाजवली होती. एक अगदी अस्सल चाल तर पापडाच्या जाहिरातीची निघाली. त्यानंतर नेवगी आठवडाभर पेटीजवळ गेले नाहीत.

२००३ च्या मार्चमध्ये शेजारच्या गोडदेव गावचा सुयोग त्यांच्याकडे आला. त्याच्या घरची पूर्वी मिठागरं आणि भातशेती होती, आता तो मंडप-डेकोरेशनचं काम करायचा. बहिणीची, चांदणीची हळद तीन आठवड्यांवर आली होती आणि त्याला तिच्यासाठी नवंकोरं गाणं हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन गाणं मागत होतं. नेवगींनी चार दिवसांत ते टाइप करून दिलं. पहिली ओळ अशी होती: हरिद्रालेपित सुवर्णकांती, वधू विराजे मंडपांतरी.

सुयोगच्या ओटीवर सात-आठ बायका गाणं बसवायला जमल्या, नेवगीही कागद घेऊन गेले. तिघी ‘विराजे’पाशीच थांबल्या, एक ‘मंडपांतरी’ला फिस्सकन हसली, मग बाकीच्यांनाही हसू आवरेना. त्यांच्यात रखमाबाई होत्या, गावच्या धवलारीण. लग्नातले धवळे गाण्याचा मान त्यांचा. पंच्याहत्तरीच्या त्या बाईंनी बायकांना गप्प केलं आणि म्हणाल्या, “गाना चांगला हाय, पोरा. पन बायांनी दम कवा घ्याचा?”

नेवगी तेव्हा बावन्न वर्षांचे होते. टीकेपेक्षा ‘पोरा’ जास्त लागलं, असं ते मला नंतर म्हणाले. त्यांनी मात्रा मोजून दाखवायला सुरुवात केली. रखमाबाईंनी ऐकून घेतलं, त्यांच्या हातात मुसळ दिलं आणि उखळात हळकुंडं टाकून म्हणाल्या, “कांड. आनि म्हन तुझा गाना.”

चौथ्या घावाला ‘मंडपां’ वर राहिलं आणि ‘तरी’ उखळात पडलं. सातव्याला नेवगींना धाप लागली. दहाव्याला त्यांनी स्वतःच मुसळ खाली ठेवलं आणि कागदाची घडी करून खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा गोडदेवला गेले, वही घेऊन. रखमाबाई शिकवत बिकवत नव्हत्या. त्या लसूण सोलत, तांदूळ निवडत आणि गात. वही बाजूला ठेवायला लावून त्यांनी नेवगींपुढेही लसूण सरकवला. ते घरी आले की वहिनी बोटांचा वास घेऊन विचारायच्या, आज कुठला राग झाला.

पण लसूण सोलता सोलता त्यांच्या लक्षात येऊ लागलं. हात थांबतो तिथे शब्द थांबतो. ओळ संपवायची घाई नसते, कारण पुढची ओळ दुसऱ्या बाईला उचलायची असते. आणि मधे मोकळी जागा असते, तिथे कधी मामाचं नाव येतं, कधी आत्याचं. मूळ शब्द कोणते, असं त्यांनी एकदा विचारलं.

रखमाबाई म्हणाल्या, “लगीन बदलला का नाव बदलाचा. तुझा ठरलेला गाना कोनला पायजे?”

हळदीला चार दिवस उरले असताना नेवगींनी दुसरं गाणं नेलं. दोनच ओळी. एवढं कमी आपण कधीच टाइप केलं नव्हतं, असं त्यांनी मला ओशाळून सांगितलं होतं.

हलद पिवली, हात पिवले,
मांडवान आमचे कोन गो आयले?

रखमाबाईंना वाचता येत नव्हतं, नेवगींनीच म्हणून दाखवलं. बाईंनी एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं, आणि मग थांबल्याच नाहीत. लसूण सोलत गात राहिल्या, स्वतःच्याच चालीवर. नेवगींची चाल कुठे गेली कोण जाणे. त्यांनी न राहवून विचारलं, बरं झालंय का?

“गप रे,” त्या म्हणाल्या. “गाऊ दे मना.”

त्या क्षणी डोळ्यांत पाणी आलं, असं नेवगी सांगतात. लसणाने येत नाही, हेही तेच सांगतात.

चांदणीच्या हळदीत ते गाणं सव्वा तास चाललं, कारण कुठलाच नातेवाईक सोडून चालत नव्हता. उत्तनची एक आत्या राहून गेली, ती रुसली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

रखमाबाई २००६ मध्ये गेल्या. नेवगींनी श्रद्धांजली म्हणून सहा पानं लिहिली, आणि एकही कुणाला दिलं नाही. त्यांच्या बाबतीत ही मोठी गोष्ट होती.

२००८ मध्ये आम्ही सगळे एका ओळखीच्यांच्या हळदीला गेलो होतो. तिथे बायकांनी तेच गाणं धरलं. नेवगींनी एका तरुण मुलीला हळूच विचारलं, हे कुणाचं. ती म्हणाली, “कोणाचं नाही, काका. आमच्या पणजीच्या टायमाचं आहे.” वहिनी खरं सांगायला पुढे सरसावल्या, तर नेवगींनी त्यांचा हात धरून मागे ओढलं. घरी येईपर्यंत ते इतके खूश होते, की वहिनींना त्यांच्या वाटचाही राग करावा लागला.

सध्या ते अंगाईगीत लिहितायत. रोज दुपारी माझ्या लेकीच्या, संपदाच्या बाळाच्या पाळण्याची दोरी हातात घेऊन बसतात आणि गातात. बाळ टक्क जागं राहून त्यांच्याकडे बघतं. नेवगी म्हणतात, दुसरी ओळ लांब झालीय.