हनुवटीखाली धरलेला मीटर

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिने साखरपुड्याचा अल्बम माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "यात मी कुठे आहे ते दाखवा."

मी पानं उलटली. चेहरा दुधाळ, गुळगुळीत, आणि त्याच बाईचे हात मात्र काळे, घट्ट, खरे. सोबत तिची आई होती. पाचूबंदरची, बाजारात मासे विकणारी. तिने एका फोटोवर बोट ठेवलं. "हात माझ्या पोरीचे. तोंड कोनाचं?"

मला उत्तर माहीत होतं, कारण तो अल्बम ज्या स्टुडिओतून निघाला होता त्याच वसईतल्या स्टुडिओसाठी मी बारा वर्षं लग्नांचे फोटो काढत होते. साखरपुड्याला मी नव्हते, पण असते तरी चेहरा असाच आला असता. मालकाचा नियमच होता. फोटो कुणीही काढो, फाइली त्याच्या एडिटिंगवाल्याकडे जायच्या, आणि तिथे प्रत्येक नवरी दोन-तीन छटा उजळून यायची. कुणी तक्रार करत नसे. उलट आभार मानायचे.

ही मुलगी तक्रार करायला आली होती. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची, बोलायला सरळ. म्हणाली, "लग्नात सगळ्यात मोठा फोटो मला आमच्या बोटीपाशी पाहिजे. चर्चमधली लग्नाची मिस्सा सकाळची आहे, म्हणजे बाहेर पडेपर्यंत भर दुपार होणार. गाऊन पांढरा. आणि मला माझाच रंग पाहिजे. होईल का?"

मी "होईल" म्हणाले. कसं होईल ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं.

अडचण अशी होती. किनाऱ्यावर बोटींच्या मागे जाळी, ड्रम, प्लास्टिक, लग्नाची माणसं, सगळा पसारा. तो पुसट व्हायला भिंग पूर्ण उघडं ठेवावं लागतं. भिंग उघडलं की दुपारचं ऊन आत लोटतं, म्हणून शटर फार वेगात चालवावं लागतं. आणि शटर इतकं वेगात चाललं की साध्या फ्लॅशने फोटोत काळा पट्टा येतो. त्यासाठी हाय-स्पीड सिंक असतं. त्यात फ्लॅश एकदाच चमकत नाही, शटर सरकत असेपर्यंत भराभर फडफडत राहतो.

हे सगळं ऑटोवर टाकून कॅमेऱ्याच्या भरवशावर सोडता येतं. बहुतेक जण तेच करतात. पण कॅमेरा समोरून परत येणारा उजेड बघून अंदाज बांधतो. काळा चेहरा दिसला की त्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो वाढवतो. पांढरा गाऊन दिसला की तो घाबरून कमी करतो. हातातला लाइटमीटर तसा नाही. तो हनुवटीखाली धरायचा. त्याच्यावरचा पांढरा घुमट फक्त पडणारा उजेड मोजतो. चेहरा कुठल्या रंगाचा आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

फक्त माझा मीटर जुना होता. तो एका झटक्याची वाट बघायचा. फडफडता फ्लॅश समोर आला की कधी भलताच आकडा दाखवायचा, कधी नुसती चूक दाखवून गप्प बसायचा.

मालकाला विचारलं तर तो हसला. "मीटर? तो आता शोकेसमध्ये ठेव. मागे स्क्रीन आहे ना, बघायचं आणि वरखाली करायचं. बाकी एडिटिंगवाला बघून घेईल."

"एडिटिंगवाल्यानेच घोळ घातलाय," मी म्हणाले. "या लग्नाच्या फाइली मी देणार नाही. मीच करीन."

तो म्हणाला, "कर. पण गिऱ्हाईक रडत आलं तर माझ्याकडे पाठवू नकोस."

हाय-स्पीड सिंकमध्ये माझा फ्लॅश किती उजेड गमावतो याचं मी कोष्टक बनवायला घेतलं. जूचंद्रला आमच्या इमारतीची गच्ची दुपारी रिकामी असते. तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर वडिलांना बसवलं. ते कारकुनीतून निवृत्त झालेले, मूळचे कोकणातले, आणि माझ्यापेक्षा एक छटा काळेच. छातीशी करड्या रंगाचा पुठ्ठा धरून, डोक्याला पंचा गुंडाळून ते बसायचे. आधी साध्या फ्लॅशचा आकडा मीटरने घ्यायचा. मग हाय-स्पीड सिंक लावून, शटर एकेक घर वाढवत फोटो काढायचे, आणि किती भिंग उघडल्यावर पुठ्ठा पहिल्यासारखाच करडा येतो ते वहीत लिहायचं. आठ-दहा दुपारी गेल्या. शेवटी एवढं कळलं की सेकंदाच्या चार हजाराव्या भागाला माझा फ्लॅश सहा स्टॉप उजेड गमावतो, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. भिंगाचा आकडा जितका लहान तितकं ते जास्त उघडं, म्हणजे साध्या फ्लॅशला मीटरने बावीस दाखवलं, तर मी भिंग दोन पॉइंट आठवर ठेवायचं. मीटरला जे मोजता येत नव्हतं ते वहीतून वजा करायचं.

एका दुपारी वडील म्हणाले, "मशीन आपोआप करतं म्हणतेस. मग एवढा खटाटोप कशाला?"

मी पुठ्ठा सरळ केला आणि म्हणाले, "माझा स्थळांसाठीचा फोटो आठवतो तुम्हाला?"

त्यांना आठवत होता. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याने मला त्यात गोरीपान केलं होतं. मुलाकडची माणसं तो फोटो घेऊन घरी आली. मुलाच्या आईने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि विचारलं, "हीच का ती?" तेव्हा वडिलांनी हात जोडून त्यांची माफी मागितली होती. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. नकाराचं मला काही वाटलं नाही. त्या माफीचं वाटलं. पुढे मी लग्नच केलं नाही, आणि त्या दुपारबद्दल घरात कधी कुणी बोललं नाही.

वडिलांनी पुठ्ठा मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "माफी मागायला नको होती. त्यांना तेव्हाच दार दाखवायला हवं होतं." आणि पुठ्ठा पुन्हा छातीशी धरून, "घे, पुढचा आकडा घे."

लग्नाच्या दिवशी आम्ही किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि वारा सुटला होता. मालक व्हिडिओवाल्यांना घेऊन आधीच उभा होता. बोट रंगवून वर ओढून ठेवलेली. मी मुलीला सूर्याकडे पाठ करून उभी केली, म्हणजे चेहरा सावलीत राहतो आणि त्यावर फक्त माझा उजेड पडतो. फ्लॅशचा स्टँड वाळूत रोवला तर वाऱ्याने तो आडवाच झाला.

"आन इकडं," तिची आई म्हणाली. नवी साडी, अंगावर सगळं सोनं, आणि तिने तो जड फ्लॅश एका हाताने उचलून खांद्यावर घेतला. "पाटी उचलते मी रोज. हे काय जड हाय?"

मी मीटर मुलीच्या हनुवटीखाली धरला, साधा फ्लॅश मारला. बावीस. वहीप्रमाणे सगळं लावलं, हाय-स्पीड सिंक चालू केलं आणि पहिला फोटो काढला. चेहरा अंधारात.

मालक मागून म्हणाला, "ऑटोवर टाक. भर उन्हात काळी माणसं अशीच येणार."

मुलीने ते ऐकलं. तिच्या नवऱ्यानेही ऐकलं. मी मागे वळले आणि म्हणाले, "तुम्ही व्हिडिओ बघा. हा फोटो माझा आहे."

कोष्टक चुकलं नव्हतं. मी पुन्हा मोजलं तेव्हा कळलं, मीटर घेऊन मी बाजूला झाल्यावर मुलीच्या आई वाऱ्याला तोल देत दोन पावलं मागे सरकल्या होत्या. फ्लॅश तेवढा लांब गेला की चेहऱ्यावरचा उजेड निम्म्याहूनही कमी होतो. मी त्यांना सांगितलं, "मावशी, अंतर एका बोटाचंही बदलायला नको."

त्या मोजलं होतं त्या जागी परत आल्या. मग त्यांनी बोटीतून जाळ्याची दोरी मागवली, एक टोक फ्लॅशला बांधलं, दुसरं मुलीच्या हनुवटीपर्यंत नेलं आणि दोरीला तिथे खुणेची गाठ मारली. "फोटोच्या आदी मी हिला दोरी लावून बगते. ताट झाली की सांगते. मग मी हलनार नाय."

तसंच केलं. त्या दोरी ताणायच्या, "हं" म्हणायच्या, मुलगी टोक सोडून द्यायची, मी बटण दाबायचे.

दुसऱ्या फोटोत ती होती. काळी, तुकतुकीत, कपाळावर घामाचा थेंब, गालावर लहानपणीचा व्रण. गाऊनची सगळी नक्षी दिसत होती, कुठेही पांढरा भपका नाही. मागे आभाळ गडद निळं आणि बोटीचा लाल रंग पुसट होऊन पसरलेला. मी कॅमेरा तिच्यापुढे धरला. तिने बघितलं आणि आईला बोलावलं. आईने फोटो बघितला आणि फक्त म्हणाली, "ही आली."

नवऱ्याची आत्या मधे डोकावली. "छान आहे गं. जरा उजळ करून घे म्हणजे झालं. सावळी दिसतेस."

"मी सावळी नाही आत्या, काळी आहे," मुलगी म्हणाली. "आणि फोटो झालाय."

नवरा हसला आणि म्हणाला, "आता माझा पण घ्या. मी हिच्याहून काळा आहे."

त्याचा घेतला. एकही आकडा बदलावा लागला नाही.

मालकाने पुढच्या सीझनला मला बोलावलं नाही. निरोप असा आला की मी गिऱ्हाइकांसमोर उलट बोलते. ते खरंच होतं. पहिले तीन महिने जड गेले. मग पाचूबंदरहून एक लग्न आलं, अर्नाळ्याहून दोन, आणि निर्मळची एक फुलं पिकवणारी बाई आली. तिचं लग्न वीस वर्षांपूर्वी झालेलं. "त्या अल्बमात मी नाहीच," म्हणाली, "तर आता वाडीत एक काढून द्या."

मधे मालकाने माणूस पाठवून माझं कोष्टक मागवलं होतं. त्याला मी सांगितलं, ते कोष्टक माझ्या फ्लॅशचं आहे, तुमच्या नाही चालणार. तुमचं तुम्ही बनवा. गच्ची, एक पुठ्ठा आणि दहा दुपारी लागतात. त्याने बनवलं की नाही, मला कळलं नाही.

आता हाय-स्पीड सिंकही मोजणारे मीटर निघालेत. गेल्या वर्षी मी एक घेतला. गच्चीवर नेऊन वहीशी ताडून पाहिला तर दोघांत एक तृतीयांश स्टॉपचा फरक निघाला. खोक्यावर लिहिलं होतं, अचूक. मी वहीतल्या आकड्याने पुठ्ठ्याचा फोटो काढला, तो पहिल्यासारखाच करडा आला, आणि मी वहीतला आकडा तसाच ठेवला.