जीपमागे शोभेलसा ट्रेलर

नेव्हिल स्टॅनवेलला बूड टेकवायचं माहीत नव्हतं. स्पॉल्डिंग गावाजवळच्या सखल जमिनीतलं पाणी पंपानं उपसून कालव्यात सोडायचं, हे त्याचं जन्मभराचं काम. पावसाचा आवाज आला की हातातलं टाकून उठायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. न्याहारीचा टोस्ट हातात धरून तो खिडकी ते दार चकरा मारायचा, आणि त्याची बायको डोरीन मागून चुरा झाडत फिरायची. तो स्वस्थ बसायचा तो फक्त उन्हाळ्यात, जुन्या लष्करी गाड्यांच्या मेळ्यात. महायुद्धातली त्याची जीप गवतावर उभी, शेजारी तंबू, दोन घडीच्या खुर्च्या आणि डोरीनच्या हातचा चहा. तिथे तो तास न् तास बसायचा. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. डोरीन मात्र ओळखून होती.

यंदा डोरीनच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. मार्चमध्येच तिनं सांगून टाकलं, “जमिनीवर झोपणं आता माझ्याच्यानं व्हायचं नाही. मला गादी हवी, खरीखुरी, कोरडी. जमत नसेल तर तू जा बापडा, मी बहिणीकडे राहीन.”

गादी न्यायची म्हणजे जीपमागे ट्रेलर हवा. नेव्हिलची झोप उडाली ती तिथून. कुठलाही ट्रेलर त्याला कसा चालावा? मेळ्यात माणसं गुडघ्यावर बसून गाडीच्या पोटाखाली बघतात. पहिला ट्रेलर मिळाला तो जीपपेक्षा रुंद. जीपच्या चाकोरीतूनच ट्रेलरची चाकं जायला हवीत, ही बाहेरच्या बाहेर पळत होती. दुसरा मापात बसत होता, पण नवा घडवलेला. त्याच्या ताज्या रंगाचा वासच याला सोसेना. तिसरा मित्राचा, माल्कमचा. माल्कम तो द्यायला कधीचा तयार होता. आत फळ्यांचा पलंग, वर उंच कमानींवर ताणलेलं जाड कापड, सगळं होतं. पण तो युद्ध संपल्यावर कितीतरी वर्षांनी डच सैन्यासाठी बनलेला. नेव्हिल त्याला चीजचा गाडा म्हणायचा, आणि चारचौघांत म्हणायचा.

शेवटी हवा तो सापडला एका गोठ्यामागे. अस्सल, जीपच्याच वयाचा, गाईंना पाणी पाजायला लावलेला. हे ट्रेलर नदी ओलांडताना तरंगावेत असे बनवलेले. अंगाला कुठे फट नाही, फक्त तळाला दोन बुचं. शेतकऱ्याला नवी डोणी आणून देऊन नेव्हिलनं तो घरी ओढत आणला. मग घासणं, रंगवणं. बुचं गंजून धरली होती, ती सोडवून, ग्रीस लावून त्यानं पुन्हा घट्ट बसवली आणि शेजाऱ्यांना बोलावून ट्रेलर काठोकाठ भरून दाखवला. थेंब गळला नाही. डोरीन म्हणाली, “गादीवर कापड टाकणार ना, पण?” टाकणार होता. तेही अस्सलच, जुन्या किंतानाचं. पाणी आत झिरपू नये म्हणून त्याला आजकालचं औषध फासायला त्यानं साफ नकार दिला होता.

मेळ्याला निघाले त्या दुपारी पाऊस लागला. हूक खडखडत होता, आणि नेव्हिल मान वळवून वळवून मागे बघत होता. रंग उडाला का, चाक नीट आहे का, दिव्याची तार सुटली का. कापडाला मधोमध झोळ पडून त्यात तळं साचलंय, ते खाली झिरपतंय, हे त्याला दिसलं नाही. मैदानात शिरताना ब्रेक दाबला तेव्हा मागून डचमळल्याचा आवाज आला.

त्यानं कापड उचललं. आत टबच झाला होता. गादी चिंब भिजून फुगली होती आणि उशी तिच्याभोवती हळूहळू फिरत होती.

डोरीन काठी टेकत आली. आत डोकावली.

“बुचं काढायची असतात का रे, एरवी?”

“असतात,” तो म्हणाला.

“सगळ्या तालुक्याचं पाणी काढलंस जन्मभर.” तिनं बहिणीला फोन लावला. बहीण म्हणाली, चहा पिऊन निघते, तासाभरात पोचते.

नेव्हिल चालत सुटला. ट्रकांच्या रांगेपर्यंत गेला, परत फिरला, पुन्हा गेला. लोक त्याच्या ट्रेलरपाशी जमू लागले होते. कुणी चाकं मोजत होतं, कुणी हुकाचं कौतुक करत होतं. याला त्यातलं काही ऐकू येईना. बहिणीची गाडी आली की डोरीन जाणार, आणि एकदा गेली की पुढल्या वर्षी मार्चमध्ये ती मेळ्याचा विषयसुद्धा काढणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात घणघणत होतं.

माल्कम आपल्या ट्रकाच्या पायरीवर सॉसेज भाजत होता. नेव्हिल समोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “तुझा ट्रेलर दे. माझा घे.”

“चीजचा गाडा?” माल्कमनं सॉसेज उलटलं. “मेळ्यापुरता?”

“कायमचा.”

माल्कमनं मान वर केली. “उद्याच्या जुन्या गाड्यांच्या संचलनात हा तुझ्या जीपमागे असेल तर तुला रिंगणात घेणार नाहीत, बाबा.”

“नको घेऊ देत. गादी कोरडी आहे ना त्यातली?”

“मीच झोपतो तिच्यावर. थोडा कुत्र्याचा वास येईल.”

दोघांनी मिळून ट्रेलर ढकलत आणला. अदलाबदल सगळ्यांदेखत झाली. एकानं विचारलंच, नेव्हिल, हॉलंडला निघालास का? नेव्हिलनं आपल्या हिरव्यागार ट्रेलरकडे पाठ करून हूक अडकवला.

तेवढ्यात बहिणीची गाडी फाटकातून आत आली. डोरीननं बॅग उचलली. नेव्हिल ट्रेलरपाशीच उभा होता. ती ट्रेलरपाशी आली, हात घालून गादी दाबली, कापडाचं टोक ओढून बघितलं. मग काठी जीपला टेकवून, चाकाचा आधार घेत, जमेल तेवढी वाकली आणि तळाला भोकं आहेत की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घेतलं.

“सरक,” ती म्हणाली, आणि बॅग आत टाकली. “आणि तिला सांग जाऊन, चहा पिऊनच परत जा म्हणावं.”