दर्शनाविना परतलेला राजा

आषाढात आमच्या येडगावात साठवलेला कांदा निवडायला निघाला की सगळी भावकी मदतीला येते. आज आमची कांदाचाळ, उद्या त्यांची. बोलणं बंद असलं तरी या कामाला कोणी नाही म्हणत नाही. म्हणून त्या दिवशी माझी आई आणि माझा चुलतभाऊ एकाच ढिगाला, पण एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

भांडण बांधाचं. बांधावर आमचा म्हसोबा. भावानं बांध आपला म्हणून काटेरी तार ओढली आणि आईनं जाहीर केलं, "बांध आपला झाल्याबिगर तिथं पाय ठिवणार न्हाई." गेल्या आषाढात म्हसोबाला आमच्या घरचा नैवेद्य गेला नाही. आई आतून झुरत होती, पण बोलून बसली होती.

असं गच्च वातावरण दिसलं की मला गोष्ट सांगायची खाज सुटते. मी तीन टपोरे कांदे पोत्यावर मांडले आणि आवाज लावला.

"हे युरोपातले तीन राजे! आठशे वर्षांपूर्वी जेरुसलेम घ्यायला निघाले. त्यांचं लई मोठं देवस्थान, आणि ते सुलतानाच्या ताब्यात. पहिला म्हातारा जर्मन बादशहा. वाटेत नदी लागली, गडी बुडाला!"

मी कांदा बादलीत टाकला. तो तरंगला.

"बुडंना की तुझा बादशहा," पाठमोरा भाऊ तिरक्या डोळ्यानं बघून म्हणाला. चाळ हसली.

उरले फ्रान्सचा आणि इंग्लंडचा. दोघांनी मिळून समुद्रकाठचं एक शहर जिंकलं आणि मग मोठा कोण यावरून त्यांचं बिनसलं. फ्रान्सचा आजारपण सांगून घरी गेला. इंग्लंडचा लढत राहिला, जेरुसलेमच्या जवळ दोनदा पोचला आणि दोनदा मागं फिरला. शहर घेतलं तरी राखणार कोण? शेवटी दोन्हीकडची माणसं थकली आणि तह झाला. जेरुसलेम सुलतानाचंच, पण यात्रेकरूंनी हत्यार न आणता यावं, दर्शन घ्यावं, जावं.

आईचे हात थांबले होते. "मग त्यो राजा गेला का दर्शनाला?"

"न्हाई. त्याची माणसं जाऊन आली."

"त्याला काय झालं व्हतं?"

"जिंकल्याबिगर जायचं नव्हतं म्हणत्यात."

"आन् परत कधी आला जिंकाया?"

"कुठला येतोय. मेला तिकडंच."

आई हातातला कांदा सोलायला लागली. निवडायचा असतो, सोलायचा नसतो.

"येडंच की," ती म्हणाली. "एवढ्या लांब जाऊन." मग मान न वळवता ढिगालाच म्हणाली, "मंगळवारी म्हसोबाला नैवेद्य आणीन म्हणते."

भाऊही ढिगालाच म्हणाला, "या की काकू. पण खुरपं घरी ठिवून. मागल्या टायमाला ते घिऊन माझ्यामागं पळत व्हता तुमी."

"पळत तू व्हतास. मी चालत व्हते."

बांधाचा निकाल अजून लागायचाय. पण मंगळवारी तारेत एक माणूस जाईल एवढी फट दिसली. आई खुरपं ओट्यावर ठेवून पुरणपोळीचं ताट घेऊन गेली आणि रिकामं ताट घेऊन कुरकुरत परतली, "वाट लई अरुंद केलीय मुडद्यानं. ताट तिरकं धरावं लागलं."