मंठ्याच्या म्हाताऱ्याचा दहावा

मध्यंतरी आमच्या कॉलनीतली काही निवृत्त मंडळी घरी आली. त्यांना जिल्ह्यातल्या लोकांसाठी इंटरनेटवर चर्चामंच काढायचा आहे. "तुम्ही चालवला होता ना भाऊसाहेब, चार गोष्टी लिहून द्या," म्हणाले. मी कागद घेतला आणि भराभर लिहिलं. नियम थोडे ठेवा, वाचून लक्षात राहतील इतकेच. नव्या माणसाने काही विचारलं तर त्याच दिवशी कोणीतरी उत्तर द्या, नाहीतर तो पुन्हा फिरकत नाही. कोणाचं लिहिलेलं काढायचं असेल तर आधी त्याला कळवा, कारण सांगा. दोघांची जुंपली तर मंचावर समजूत घालत बसू नका, दोघांना फोन करा. भांडणात तुम्हीच असाल तर त्या दिवसापुरता कारभार दुसऱ्याकडे द्या.

मंडळी खूश होऊन गेली. पण जी गोष्ट सगळ्यांत आधी लिहायला हवी होती, ती मी लिहिली नाही. मंचावर खोटं माणूस उभं करू नका, ही ती गोष्ट. ती लिहिली असती तर पुढचा प्रश्न आला असता, "तुम्हाला काय अनुभव?"

जालना जिल्हा नवा झाला त्या सुमारास मी कारकून म्हणून जालन्याच्या कचेरीत बदलून आलो. टंकलेखन बोटांत बसलं होतं. निवृत्त झाल्यावर घरी कॉम्प्युटर घेतला. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवर चालायचं. ते लागलं की फोन बंद, आणि बायकोची कटकट सुरू. मी मंच काढला. पुण्याला, औरंगाबादला, पार परदेशात गेलेली आपली माणसं तिथं यावीत, मराठी इंग्रजी अक्षरांत का होईना पण बोलावीत, एवढीच इच्छा. नावं पुष्कळांनी नोंदवली. बोलत मात्र कोणी नव्हतं. यायचे, वाचायचे, जायचे.

रिकाम्या हॉटेलात गिऱ्हाईक शिरत नाही. मालक मग ओळखीच्या दोघा-तिघांना चहा पाजून बाकड्यावर बसवतो. मीही तसंच करायला हवं होतं. चार खऱ्या माणसांना फोन करून "बाबांनो, काहीतरी लिहा" म्हणायला हवं होतं. पण मला कोणाला गळ घालायची लाज वाटली. त्यापेक्षा माणूस बनवणं सोपं वाटलं.

आमच्याच जिल्ह्यातल्या मंठ्याचा एकही सदस्य नव्हता, म्हणून गाव मंठा घेतलं. नाव ठेवलं 'मंठ्याचा म्हातारा'. तिरसट, सगळ्यावर मत असलेला. मोसंबीचा ताण कधी तोडावा, म्हणजे तहानलेल्या बागेला पाणी पुन्हा कधी सोडावं, हे त्याला ठाऊक, आणि जालन्याच्या माणसाला भजी तळता येत नाहीत हेही ठाऊक. मला तो 'कचेरीतला उंदीर' म्हणायचा. मी चिडून उत्तर द्यायचो. मीच शिवी द्यायची आणि मीच रागवायचं. लोकांना मजा आली, ते मध्ये पडू लागले. आठवड्याभरात मंच बोलू लागला. बायको मागे उभी राहून वाचायची. "आज कोणतं सोंग?" म्हणायची. "काही म्हणा, म्हातारा तुमच्याहून बरा बोलतो."

धावड्याचे एक निवृत्त गुरुजी होते. आठवड्यातून एकदा भोकरदनला येऊन, इंटरनेटच्या दुकानात बसून लिहायचे. त्यांना म्हाताऱ्याचा लळा लागला. एकदा त्यांनी त्याला खाजगी निरोप पाठवला. थोरल्या भावाशी बांधावरून बोलणं तुटलं होतं. भाऊ वारला तेव्हा भिंतीपलीकडचं रडणं त्यांना ऐकू येत होतं, तरी हे गेले नाहीत. खांदा दिला नाही. ही गोष्ट त्यांनी कोणाजवळ काढली नव्हती.

मी म्हाताऱ्याच्या नावाने उत्तर दिलं. माझाही भाऊ असाच गेला, पुष्कळ वर्षांनी मी वहिनीच्या ओसरीवर जाऊन नुसता बसलो, तिने पाणी दिलं, तुम्हीही जा. सगळं रचलेलं. गुरुजी गेले. दुसऱ्या आठवड्यात निरोप आला, "वहिनीनं पाणी दिलं."

खोट्यानं का होईना, एक भलं काम झालं असं मला त्या दिवशी वाटलं. छाती फुगली होती माझी. आज सगळ्यांत जास्त लाज मला त्या वाटण्याची वाटते.

पुढे गुरुजी म्हाताऱ्याला भेटायचं म्हणू लागले. इतरांनीही मेळावा ठरवला, पहिला सत्कार म्हाताऱ्याचा. मी दोन-तीनदा त्याला आजारी पाडलं. शेवटी एका सकाळी चार ओळी टाकल्या: मंठ्याचा म्हातारा काल छातीत दुखून गेला, मंठ्यातच अंत्यविधी झाला.

त्या दिवशी मंचावर जेवढं लिहिलं गेलं तेवढं आधी कधीच नव्हतं. कोणी आपल्या वडिलांबद्दल लिहिलं. परदेशातल्या एका बाईने लिहिलं की आज ऑफिसात डबा उघडलाच नाही. मी तासातासाला तार जोडून वाचत होतो. एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातच आली नाही. आपल्याकडे माणूस गेला की लोक दारात येतात.

दहाव्या दिवशी दुपारी गुरुजी माझ्या घरी आले. धोतराला धूळ, हातात पिशवी. बायकोने पाणी दिलं. ते एका दमात प्यायले.

"सकाळपासून मंठ्यात फिरून राह्यलो, भाऊसाहेब. स्टँडवर विचारलं, बाजारात विचारलं. न्हाव्याला विचारलं, त्याला गावातलं मयत बराबर माहीत असतंय. तो म्हणतो, असं कोणी गेलंच न्हाई गुरुजी. मी खेकसलो त्याच्यावर. म्हणलं, कसला न्हावी तू!"

मी हसलो नाही, एवढंच.

"स्मशानाकडं बी गेल्तो. म्हणलं दहावा आहे, माणसं असतील. कोणीच न्हाई." त्यांनी पिशवीतून नवी टोपी आणि टॉवेल काढला. "त्याच्या पोराला घालायची होती. माझ्या भावाच्या वेळी मी... तुम्हाला ती गोष्ट माहीत न्हाई."

"कोणती?" मी विचारलं.

मी तसं विचारलं. तोंड वर करून, त्यांच्याकडे बघून.

"असू द्या. त्याला माहीत होती, बस. त्याचा दहावा तरी चुकवायचा न्हवता."

मी म्हणालो, मुलाने त्याला औरंगाबादला नेलं, अंत्यविधीही तिकडेच झाला.

"पण तुम्ही तर लिहिलं, मंठ्यात..."

"चुकून लिहिलं."

"चुकून," गुरुजी म्हणाले. "मंग बराबर." त्यांनी टोपी-टॉवेलची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि निघाले. बायको चहा घेऊन आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. तिने दारामागून सगळं ऐकलं होतं.

"नसलेल्या माणसाला मारलंत ते मारलंत," ती म्हणाली, "या जित्या माणसाला उन्हात मंठाभर फिरवलंत. जा, स्टँडवर असतील अजून."

मी गेलो नाही. गुरुजींनी मंचावर पुन्हा एक ओळ लिहिली नाही. काही वर्षांनी मंचही बंद पडला.

कॉलनीच्या मंडळींना कागद दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भोकरदनची बस धरली, तिथून धावड्याला गेलो. गुरुजी अंगणात खाटेवर होते. नजर गेली आहे, कान शाबूत. मी कोण ते सांगितलं आणि उभ्यानेच सगळं बोललो.

"म्हणजे तो न्हवताच?"

"नव्हता."

"अन् त्याचा भाऊ?"

"मला भाऊच नाही, गुरुजी. चार बहिणी आहेत."

त्यांनी खाटेची दोरी चाचपली. मग म्हणाले, "त्याच्या भावाची गोष्ट मी वहिनीला सांगितली होती. ती म्हणायची, त्या माणसाला एकदा जेवायला आणा. गेल्या साली गेली ती. बरं झालं, गेली."

मी माफी मागितली.

"मला काय मागता? तो मेला म्हणून जिथं लिहिलं, तिथं लिहा."

"तो मंच बंद पडलाय."

"मंग दुसरीकडं लिहा. कितीजण रडले होते त्या दिवशी. त्यांना सांगा. माझं मी बघतो."

सुनेने चहा दिला. मी निघालो. आपल्याकडे जाणाऱ्याला 'या परत' म्हणतात, वैऱ्यालाही म्हणतात. गुरुजी काही बोलले नाहीत.

म्हणून हे लिहितो आहे. मंठ्याचा म्हातारा नावाचं कोणी नव्हतं. त्याचा शब्द न् शब्द मी लिहिला, तो गेल्याची बातमीही मीच दिली. त्या दिवशी जे हळहळले त्यांचं दुःख खरं होतं आणि मी ते खोट्याच्या बदल्यात घेतलं. धावड्याचा एक माणूस भावाचा राहून गेलेला खांदा मनात ठेवून परक्याच्या दहाव्याला आला होता. तो माझ्या घरात, माझ्यासमोर बसला होता. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.