आपण काय करतो, ते इंग्रजीत

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. मागाखाली सुताची लव साचते, तसे ते आपोआप साचतात. सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी डिस्पॅच क्लार्क होतो. तिथले माझ्याकडचे निम्मे किस्से एकाच तीन महिन्यांतले आहेत. त्या तीन महिन्यांत आम्ही सगळे एकच गोष्ट शिकत होतो : आपलं नाव काय आणि आपण काय करतो, हे इंग्रजीत सांगायला.

झालं असं, की परदेशातल्या एका व्यापाऱ्याचं पत्र आलं. टॉवेल आवडले, कारखाना बघायला येतो, तुमच्या लोकांना भेटतो. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती, आमचे निम्मे माग बंद होते. ही ऑर्डर मिळाली तर ते चालू होणार होते. मालकांनी ‘तुमच्या लोकांना भेटतो’ या शब्दांखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारली आणि शाळेतून रिटायर झालेल्या सॅम्युअलबाईंना बोलावलं. पाचचा भोंगा झाला की पॅकिंगच्या खोलीत क्लास. बाकं नव्हती, टॉवेलच्या गठ्ठ्यांवर बसायचो.

०

पहिल्या दिवशी बाईंनी स्टोअरच्या सिद्रामप्पांना उभं केलं. सिद्रामप्पा वळसंगचे. घरात कानडी, बाहेर मराठी, त्यात आता ही तिसरी.

“आय ॲम सिद्रामप्पा. आय ॲम स्टोअर.”

“स्टोअर ही खोली झाली,” बाई म्हणाल्या. “तुम्ही स्टोअरकीपर.”

“कीपर म्हणजे काय हो बाई?”

“राखणारा.”

सिद्रामप्पा खाली बसले ते विचारातच. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी हात वर केला. “बाई, गेटवरचा वॉचमन राखतो, कारण माल बाहेर जाऊ नये. मी तर रोज माल बाहेर काढून देतो की. मग मी राखतो कसा?”

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. “सिद्रामप्पा,” त्या म्हणाल्या, “हे इंग्रजांनाच विचारावं लागेल.”

०

बाई घरी म्हणून दाखवायला वाक्यं द्यायच्या. मी रविवारी मोहोळला गेलो आणि अंगणात माझं वाक्य म्हणायला लागलो. ‘आय वर्क इन द डिस्पॅच डिपार्टमेंट.’ वडील शेळीला पाला टाकत होते. चार-पाच वेळा ऐकल्यावर त्यांनी विचारलं, “म्हंजी काय रं?”

“म्हणजे, तयार झालेला माल मी पाठवतो. कुठल्या गावाला किती गेला, पोचला का, सगळं बघतो.”

वडील थांबले. “आन् कुटं कुटं जातो माल?”

मी सांगत गेलो. नागपूर, इंदूर, कलकत्ता. ते प्रत्येक गाव किती लांब ते विचारत होते. असं आम्ही दोघं कधी बोललो नव्हतो.

शेवटी म्हणाले, “आठ वर्सं झाली. कुणी इचारलं तर मी सांगतो, पोरगं सोलापुरात लिवतंय. काय लिवतंय, ते मला तरी कुटं ठावं होतं.”

०

खरी अडचण आली ती ‘रिस्पॉन्सिबल’ या शब्दाची. बाई म्हणाल्या, कामाबद्दल सांगताना हा शब्द फार चांगला दिसतो. ‘आय ॲम रिस्पॉन्सिबल फॉर डाइंग.’ हे वाक्य त्यांनी आमच्या रंगमास्तरांना दिलं होतं.

रंगमास्तर म्हणजे नरसय्या. मालकांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे, साठीच्या पुढचे. तेलुगू, मराठी, दखनी, तिन्ही भाषांत ते कमीच बोलायचे.

“ह्याचा अर्थ काय बाई?”

“रंगाईला मी जबाबदार आहे.”

नरसय्यांनी मान हलवली. “नाही म्हणणार.”

“का?”

“रंग अजून गेला नाही, कुणी तक्रार केली नाही, आणि मी आधीच कबूल करू?”

मग सिद्रामप्पांनी वहीत लिहिलेलं आपलं ‘रिस्पॉन्सिबल’चं वाक्य हळूच खोडलं. मीही खोडलं.

०

एकदा मालक स्वतः येऊन मागे बसले. बाईंना वाटलं, त्यांनाही सराव हवा.

“अँड व्हॉट डू यू डू, सर?”

मालक उभे राहिले. वयानं ते माझ्याएवढेच, कारखाना वडिलांकडून आलेला. गावात कुणी विचारलं तर ‘मी पेढीवर बसतो’ म्हणायचे, सगळेच तसं म्हणतात. तेच त्यांनी इंग्रजीत केलं.

“आय… सिट.”

कुणी हसलं नाही. मालकांचेच कान लाल झाले. बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“व्याकरण अगदी बरोबर आहे,” त्या म्हणाल्या.

०

ऑर्डर मिळाली आणि बंद माग चालू झाले. ती मिळाली कशी, ते सांगतो.

व्यापारी आला, उंच, घामानं लाल झालेला. आम्ही इस्त्रीचे शर्ट घालून ओळीनं उभे. त्यानं लांबूनच मान हलवली आणि सरळ टेबलाकडे गेला. वाक्यं आमच्या तोंडातच राहिली. त्यानं बॅगेतून टॉवेलचा एक तुकडा काढला. निळा म्हणावा तर राखाडी, राखाडी म्हणावा तर निळा. हा रंग त्याला कुणी जुळवून देत नव्हतं. तुम्ही जुळवलात तर ऑर्डर तुमची, एवढंच तो बोलला.

मालकांनी नरसय्यांना बोलावलं. नरसय्यांनी तुकडा अंगणात उन्हात नेला. उलटा केला, सुलटा केला, एक कोपरा पाण्यात बुडवून पुन्हा बघितला. मग परत येऊन मालकांना म्हणाले, “उद्या या म्हणावं.”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता टेबलावर दोन तुकडे होते. व्यापाऱ्यानं दोन्ही उचलले, खिडकीपाशी नेले, दारापाशी नेले, परत आणून ठेवले. बराच वेळ बघत राहिला.

“विच इज माइन?” त्यानं विचारलं.

मालकांनी नरसय्यांकडे पाहिलं, कारण त्यांनाही ओळखता येत नव्हतं. नरसय्यांनी एक तुकडा बोटानं पुढे सरकवला.

व्यापाऱ्यानं कोटाचं बटण लावलं. टेबलाला वळसा घालून नरसय्यांच्या समोर येऊन सरळ उभा राहिला. हात पुढे केला आणि एकेक शब्द सुटा करत, आमच्या क्लासात उभं राहावं तसा बोलला.

“माय नेम इज हेन्रिक. आय सेल टॉवेल्स.”

नरसय्यांनी धोतराला हात पुसून त्याचा हात हातात घेतला.

“बरं,” ते म्हणाले. “बसा.”