उघाडीची फळी

वर्तकनगरची आमची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आणि भाड्याचं घर डोंबिवलीत मिळालं, तेही निम्म्या जागेचं. काय ठेवायचं, काय टाकायचं, आई एकेका वस्तूकडे बोट दाखवत होती. बोट गॅलरीतल्या बाकड्यावर आलं तसे बाबा उठून आत गेले.

बाकडं म्हणजे विटांवर ठेवलेल्या दोन जाड सागवानी फळ्या. बाबा मिठागरात कामाला होते. खाडीचं पाणी मिठागरात घ्यायला एक लाकडी दार असतं, त्याला आमच्यात उघाडी म्हणतात. मिठागर बंद झालं तेव्हा जो तो काहीबाही घेऊन गेला. बाबांनी उघाडीच्या फळ्या खांद्यावरून घरी आणल्या. तेव्हापासून बाबांचा संध्याकाळचा चहा त्या फळ्यांवर बसूनच व्हायचा.

मी बँजो पार्टीत बेस गिटार वाजवतो, लग्नाच्या हळदीत वाजवायच्या सुपाऱ्या असतात. भंगारात देण्यापेक्षा ह्या फळ्यांची गिटारच करतो, असं मी म्हटलं. मला वाटलेलं, बाबा खूश होतील. ते म्हणाले, "कर काय कराचा तो." त्यानंतर माझ्याशी त्यांचं बोलणं कामापुरतंच उरलं. मला खूप लागलं ते. भंगारात जाणाऱ्या फळ्या कोणासाठी वाचवत होतो मी?

मित्राच्या सुतारकामाच्या दुकानात सुट्टीच्या दिवशी काम चालायचं. लाकडात मीठ इतकं मुरलेलं की रंधा मारताना ओठ खारट व्हायचे. पाण्यात भिजत घाल, सावलीत वाळव, परत भिजव, असं करता करता पावसाळा निघून गेला. एका फळीच्या कडेला खळगेच खळगे होते. मित्र म्हणाला, "दगड लागले असतील, राहू दे रे." पण ती कड गिटारची वरची बाजू होणार होती, वाजवताना जिथे हात टेकतो ती. मी हट्टाला पेटलो आणि एकूण एक खळगा काढला. गिटारची नेक, म्हणजे मान, दाराच्या एका जुन्या चौकटीतून निघाली. गिटार दसऱ्याच्या आदल्या दिवशी तयार झाली.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारं पुजतात. आईने कोयता, माझा पान्ह्यांचा डबा आणि गिटार पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. बाबा आले, नारळ उचलला, आणि मी अरे अरे करेपर्यंत गिटारच्या वरच्या कडेवर आपटला. नारळ फुटला. पाणी तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपमध्ये, खुंट्यांवर, सगळीकडे. माझं डोकंच सटकलं. सणासुदीचं बाबांना नको नको ते बोललो.

त्यांनी दोन्ही वाट्या शांतपणे ताटात ठेवल्या.

"दरसाली पयला पानी घेवाचे आदी नारल हिच्यावच फोराचो आमी," ते म्हणाले. "माजे बापासनं. त्या सगल्या खुना तू घासून टाकल्यास."

मी त्या कडेवरून हात फिरवला. मीच इतकी गुळगुळीत केलेली ती. आजोबांचे नारळ कुठले, बाबांचे कुठले, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. तिथे आजचा एकच खळगा होता, ओला. मला रडू आलं, आणि आईसमोर आलं म्हणून लाजही वाटली.

पिकअप वाळवून पाहिला, पण तो गेला तो गेलाच. नवीन बसवला. पॉलिश करताना मित्राने विचारलं, "हा खड्डा भरू का?" मी नको म्हटलं. हळदीत वाजवताना हात बरोबर त्याच्यावर येतो.

बाबा बोलायला लागले, पण पहिल्यासारखं मोकळं नाही. पुढच्या दसऱ्याला गिटार पाटावर मीच मांडली. पिकअपवर दुधाची पिशवी कापून घट्ट चिकटवली, तारा सैल केल्या आणि नारळ बाबांच्या हातात दिला.

त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जरा बाजूला सर," ते म्हणाले.