बाई बोलली की आवाज बंद

इटलीतल्या आमच्या तारांतोत ओरोन्त्सोला भित्रा म्हणायची कुणाची छाती नाही. उभा जन्म पोलादाच्या भट्टीपुढे गेला, दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग आहेत. पण हाच ओरोन्त्सो दर रविवारी पिनुच्चोच्या बारमध्ये बसून पोटच्या पोरीचं तोंड बंद करायचा, तेही एका बोटाने.

त्याची पोरगी लोरेदाना शाळेत खेळ शिकवते. तरुणपणी ती बायकांच्या संघात बचावाला खेळायची. गेली तीन वर्षं ती गावच्या टीव्हीवर रविवारी फुटबॉलवर बोलते. आता सामना दाखवायचे हक्क बड्या वाहिनीकडे, आणि त्या वाहिनीचे पैसे पिनुच्चो भरेल तेव्हा आमचा समुद्र आटेल. म्हणून आम्ही गावची वाहिनी लावतो. तिथे सामना दिसत नाही. चार जाणकार स्टुडिओत बसून सामना बघतात आणि आपण त्यांची तोंडं बघायची. ते ओरडले की आपण ओरडायचं, त्यांनी कपाळावर हात मारला की आपणही मारायचा. हसू नका, अख्खा गाव हेच करतो.

लोरेदाना पहिल्यांदा त्या खुर्चीत बसली त्या दिवशी आपला संघ शेवटच्या मिनिटाला हरला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, दुसरं काय. पण शेजारी कातालदो रेस्सा बसला होता. एके काळी याने गावासाठी ढीगभर गोल मारलेत, त्यामुळे तो शिंकला तरी बातमी होते. तो म्हणाला, "बाई डावपेच बोलायला लागली की चेंडूसुद्धा रुसतो." झालं. दुसऱ्या रविवारपासून बारमध्ये नेम पडला: लोरेदानाने तोंड उघडलं की अपशकुन टळावा म्हणून लोखंडी खुर्चीला हात लावायचा आणि टीव्हीचा आवाज बंद करायचा.

बारमध्ये रिमोट सगळ्यांत वयस्कर माणसाकडे असतो, म्हणजे ओरोन्त्सोकडे. पहिल्यांदा पिनुच्चो गयावया करत म्हणाला होता, "काका, राग नका मानू, पण संघासाठी." ओरोन्त्सोने बटण दाबलं. सगळ्यांनी पाठ थोपटली, कुणी कॉफी पाजली. बरं वाटलं त्याला, खोटं कशाला बोला. मग तेच अंगवळणी पडलं.

कार्यक्रम संपला की लोरेदानाचा फोन यायचा. "बाबा, आज कशी बोलले?"

"छान बोललीस," तो म्हणायचा. दर रविवारी, तेच दोन शब्द.

आणि आजचा रविवार हा असा. बरोबरी झाली तरी संघ वरच्या गटात जाणार होता, हरला तर पुन्हा वर्षभर धूळ खात बसायचं. सकाळीच लोरेदानाने फोनवर सांगितलं होतं, "बाबा, वाहिनीचा मालक म्हणाला, आज हरलो तर पुढच्या हंगामात ती खुर्ची दुसऱ्याला. लोकांच्या तक्रारी येतात म्हणे. मैदानात अकरा जण हरणार आणि खापर माझ्या डोक्यावर फुटणार."

"कुणाच्या तक्रारी?" त्याने विचारलं.

"काय माहीत. तुमच्या त्या बारमधल्यांच्याही असतील." ती हसली. त्याने घाईने फोन ठेवला.

सामना संपत आला तेव्हा एक-एक अशी बरोबरी होती. एवढ्यात पडद्यावर रेस्साने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि तो भिंतीकडे वळून उभा राहिला. पेनल्टी. तीही समोरच्यांना. न सांगता कळलं, कारण पेनल्टीला पाठ फिरवायची हा रेस्साचा जुना शकुन. सूत्रधाराने कोट डोक्यावर ओढून घेतला, चौथ्याने डोळे मिटले. बघत होती एकटी लोरेदाना, आणि तिचे ओठ हलायला लागले.

सवयीने ओरोन्त्सोचं बोट बटणावर पडलं. आवाज बंद.

मग सगळ्यांच्या ध्यानात आलं. न बघणारे तीन बाप्ये, आणि एक बाई, जी बोलतेय पण ऐकू येत नाही. तिचा चेहरा कोरा. मैदानावर चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, समोरच्याला कळतं, हे ओरोन्त्सोनेच तिला लहानपणी शिकवलं होतं. तो स्वतःही त्या चेहऱ्यावरून काही ओळखू शकत नव्हता.

"काका, आवाज," पिनुच्चो म्हणाला.

ओरोन्त्सो हलला नाही.

"अहो काका, काय झालंय काय तिकडे? जीव जातोय इथे. वाढवा की."

"बाई बोलतेय ना?" ओरोन्त्सो म्हणाला. "तुम्हीच नेम केलात."

"नेम गेला खड्ड्यात. तुमच्या पाया पडतो."

नेम करणारे हेच, आता पाया पडणारेही हेच, पण तीन वर्षं बटण दाबणारं बोट आपलं. या विचाराने त्याला स्वतःचीच शिसारी आली. त्याने बटण दाबलं.

"…आणि पळत येताना हा थबकतो," लोरेदाना सांगत होती, आवाज शांत. "गोलकीपरने तेवढा वेळ जागेवर राहायला हवं. माझे बाबा नेहमी म्हणतात, चेंडू बघू नकोस—"

"आले हिचे बाबा," कोटाखालून सूत्रधार कुरकुरला. "दर रविवारी हिचे बाबा."

ओरोन्त्सोला कुणी तोंडात मारावी तसं झालं. दर रविवारी?

"थबकला," लोरेदाना म्हणाली. "आपल्याने उडी आधीच मारली. गोल."

रेस्सा गर्रकन वळला. "काळ्या जिभेची," तो ओरडला. "गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"मी गप्प बसल्याने गोल अडला असता तर जन्मभर गप्प बसले असते," ती म्हणाली. या वेळी मात्र तिचा आवाज कापत होता. "दोष गोलकीपरचा नाही. आपला उजवा बचावपटू जागा सोडून आत गेला, म्हणून मागे भगदाड पडलं. पेनल्टी तिथून आली."

बारमध्ये कुणी टोपी आपटली. पिनुच्चोने खुर्चीला हात लावला. "बंद करा आता, काका. झालं ना तिच्या मनासारखं?"

ओरोन्त्सोने रिमोट कोटाच्या खिशात घातला. "तिचं बोलून झालेलं नाही अजून."

"तुमच्या पोरीपायी गाव बुडालं आणि तुम्ही—"

"गाव बुडायला माझी पोरगी मैदानात होती का रे? बस खाली."

कुणी बसलं नाही. एकेक जण बाहेर पडला, जाताना त्याच्याकडे न बघता. स्टुडिओतल्यांची तोंडं उतरून सामना संपला, तिने तो शेवटपर्यंत उलगडून सांगितला आणि ओरोन्त्सोने रिकाम्या बारमध्ये शब्द न् शब्द ऐकला. किती नेमकं बोलत होती. कॉफी गार झाली, पिनुच्चोने नवी विचारली नाही.

तो समुद्राकाठच्या रस्त्याने घरी निघाला तोच फोन वाजला. खिशात हात घातला तर आधी बारचा रिमोटच हाताला लागला.

"बाबा, गेली खुर्ची," लोरेदाना म्हणाली. "मी स्टुडिओतून निघायच्या आधीच मालकाने सांगितलं." नाक ओढल्याचा आवाज आला. "जाऊ दे. आज कशी बोलले?"

"चुकलीस," ओरोन्त्सो म्हणाला. "दोष त्या उजव्या पोराचा नाही. तो आत गेला, कारण मधल्या फळीतला मागे आलाच नाही. त्याने करायचं काय? दोघांना एकट्याने धरायचं?"

"मधला कसा येईल? त्याला प्रशिक्षकाने वरच राहायला सांगितलं होतं. मी बोलले की ते, शेवटी."

"ते ऐकलं मी. पटलं नाही. शेवटच्या दहा मिनिटांत कसली आज्ञा? डोकं नको वापरायला?"

"बाबा, तुम्ही ना…" ती तावातावाने बोलायला लागली आणि मध्येच थांबली.

 

"तीन वर्षं झाली, बाबा," ती हळूच म्हणाली. "तीन वर्षांत तुम्ही आज पहिल्यांदा माझ्याशी भांडलात."

खिशातला रिमोट त्याने मुठीत घट्ट धरला होता.

"म्हणजे याआधी ऐकलंच नव्हतं," लोरेदाना म्हणाली.